विश्लेषण : ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सोडून दिलेला आजार, जालन्यात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्यांना कोण सांभाळणार?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण मराठवाड्यातल्या घराघरांत अजूनही वापरली जाते. आजोबा आठवडी बाजारातून येताना वाट चुकले, आजीने एकाच संध्याकाळी चारदा ‘दिवा लावला का’ विचारले, सासऱ्यांनी नातवाला त्याच्या बापाच्या नावाने हाक मारली, की घरातले कोणीतरी ही म्हण म्हणते आणि विषय तिथेच संपतो. काही घरांत मात्र हीच डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची सुरुवात असते. तो ओळखायला घराला दोन-तीन वर्षे लागतात. तोवर भांडणे होऊन गेलेली असतात, सुनेवर आरोप झालेले असतात आणि जमिनीच्या कागदांवर अंगठेही उठलेले असतात.

या आजाराची काळजी घरातच घ्यावी लागते आणि ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते. सरकारी योजनांचा पैसा मात्र बहुतांश दवाखान्यातल्या खाटेपाशी थांबतो. जालन्यासारख्या ग्रामीण जिल्ह्यात ही दरी किती मोठी आहे, घरच्यांनी काय करावे आणि जिल्ह्याने काय करायला हवे, ते समजून घेऊ.

नुसता विसराळूपणा आणि स्मृतिभ्रंश यात फरक काय?

चष्मा कुठे ठेवला ते विसरणे वयानुसार होते. चष्मा हातात घेऊन ‘हे काय आहे’ असे विचारणे वेगळे. शेजाऱ्याचे नाव पटकन न आठवणे चालते, पण चाळीस वर्षे राहिलेल्या गल्लीत स्वतःचे घर न सापडणे हे लक्षण आहे. वय झाल्यावर आठवण उशिरा येते. स्मृतिभ्रंशात ती येतच नाही आणि त्यासोबत रोजची कामेही सुटत जातात. आयुष्यभर पन्नास जणांचा स्वयंपाक केलेल्या बाईला चहात आधी काय घालायचे ते कळेनासे होते. बाजाराचा हिशेब तोंडी करणारा माणूस शंभराची नोट मोडून किती परत आले ते सांगू शकत नाही.

डिमेन्शिया हे अशा लक्षणांच्या गटाचे नाव आहे. त्याचे सर्वात जास्त आढळणारे कारण म्हणजे अल्झायमर. मेंदूचा रक्तपुरवठा कमी झाल्यामुळे, म्हणजे लहान-मोठ्या पक्षाघातांनंतर होणारा प्रकारही बराच आढळतो. आजार हळूहळू वाढतो. आधी ताज्या गोष्टी पुसल्या जातात, जुन्या राहतात. म्हणूनच सत्तरीतली आजी सासरच्या घरात बसून ‘मला घरी सोडा’ म्हणते, तेव्हा तिच्या मनातले घर बहुधा माहेरचे असते.

जालन्यात असे किती रुग्ण असतील?

देशभरातील ज्येष्ठांच्या तपासणीवर आधारलेल्या ‘लासी-डॅड’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. शहरात हे प्रमाण ५.३ टक्के, तर ग्रामीण भागात ८.४ टक्के आढळले. पुरुषांमध्ये ५.८ आणि स्त्रियांमध्ये ९ टक्के.

हे आकडे जालन्याला लावून पाहता येतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १९ लाख ५९ हजार होती. दहांतला एक जण साठीपुढचा धरला, तर सुमारे १ लाख ९६ हजार ज्येष्ठ होतात. त्यांचे ७.४ टक्के म्हणजे चौदा हजारांच्या पुढे. आठ तालुक्यांत वाटले तर एका तालुक्याला अठराशेच्या आसपास. हा हिशेब ढोबळ आहे आणि तो कमीच असण्याची शक्यता जास्त. लोकसंख्या तेव्हापासून वाढली आहे आणि जिल्ह्यातले पाचपैकी चार जण ग्रामीण भागात राहतात.

ग्रामीण भागात आणि स्त्रियांमध्ये प्रमाण जास्त का? एक मोठे कारण शिक्षण आहे. लहानपणी शाळा न मिळणे हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा घटक मानला जातो. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने असे १४ घटक नोंदवले. त्यात रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, दारू, कमी ऐकू येणे, कमी दिसणे, डोक्याला मार, नैराश्य, एकटेपणा आणि हवेचे प्रदूषणही आहे. हे सगळे घटक आटोक्यात आले, तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टाळता किंवा लांबवता येऊ शकतो, असे आयोगाचे म्हणणे आहे. गावपातळीवर याचा अर्थ सरळ आहे: बीपीची गोळी रोज घेणे, मोतीबिंदूचे ऑपरेशन वेळेवर करणे आणि कानाच्या मशीनची लाज न बाळगणे हीसुद्धा मेंदूची काळजी आहे.

मग निदान इतके उशिरा का होते?

पहिले कारण म्हणजे म्हण. म्हातारचळ लागला, बाहेरची बाधा झाली, स्वभावच हेकेखोर आहे, अशी उत्तरे घरात तयार असतात. त्यामुळे देवऋषी आधी होतो, डॉक्टर नंतर.

दुसरे कारण तपासणीत आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या स्मरणशक्तीच्या चाचणीत वाक्य लिहायला, शंभरातून सात-सात वजा करायला, आकृती काढायला सांगतात. कधी पाटी न धरलेल्या बाईला यात कमी गुण मिळणारच. म्हणून भारतात निरक्षर ज्येष्ठांसाठी वेगळ्या चाचण्या बनवाव्या लागल्या. गावातल्या रुग्णासाठी चांगला डॉक्टर घरच्यांना विचारतो: पूर्वी कोणती कामे करायच्या, आता कोणती जमत नाहीत, कधीपासून? म्हणून दवाखान्यात जाताना या तीन गोष्टी कागदावर लिहून नेल्या, तर निदान सोपे होते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. विसरायला लागलेल्या प्रत्येक माणसाला अल्झायमर नसतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, पडल्यानंतर डोक्यात साचलेले रक्त, काही औषधांचा परिणाम यामुळेही अशीच लक्षणे दिसतात आणि यातली बरीच कारणे बरी होण्यासारखी आहेत. माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळायला लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लघवीतला जंतुसंसर्ग किंवा शरीरातले पाणी कमी होणे एवढेही कारण असू शकते.

अल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन, मेमँटिन यांसारख्या गोळ्यांनी काही रुग्णांची लक्षणे काही काळ सौम्य राहतात. तरीही लवकर निदान झाल्याचा फायदा मोठा आहे. घराला आजाराचे नाव कळते आणि राग माणसावर निघायचा थांबतो.

घरात सगळ्यात जास्त कोण भरडले जाते?

या आजाराची दोन लक्षणे घर फोडतात. एक, ‘माझे पैसे चोरले, डोरले चोरले’ असा आरोप. वस्तू कुठे ठेवली ते रुग्णाला आठवत नाही आणि मेंदू ती मोकळी जागा संशयाने भरतो. दुसरे, ‘मला सकाळपासून जेवायला दिले नाही.’ जेवून हात धुतल्यावर दहा मिनिटांत हे वाक्य येते. ते शेजारी ऐकतात, भावकीत पोहोचते, लेकी माहेरी येऊन वहिनीला जाब विचारतात. ज्या सुनेने सकाळी अंघोळ घातली, कपडे बदलले, दोनदा भाकरी कुस्करून भरवली, तीच गावात वाईट ठरते.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया घरातल्यांची काळजी घेण्याच्या कामात आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. हे काम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोजचा वेळ १४० मिनिटे, पुरुषांचा ७४. यात लेकरांची काळजीही आली. स्मृतिभ्रंशापुरते बोलायचे, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात या रुग्णांच्या काळजीचे ७० टक्के तास स्त्रियाच देतात.

म्हणून घरातल्या इतरांसाठी पहिला नियम: रुग्णाच्या तोंडून सांभाळणाऱ्या व्यक्तीबद्दल तक्रार ऐकली, तर लगेच निवाडा करू नये. मात्र मारहाणीचे वळ, वजन झपाट्याने उतरणे असे काही दिसले, तर दुर्लक्षही करू नये. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या लेकाने फोनवर सल्ले देण्यापेक्षा महिन्यातले चार दिवस येऊन रुग्णाचा पूर्ण ताबा घेतला, तर वहिनीला तेवढी तरी झोप मिळेल.

शेतातल्या घरात कोणती खबरदारी घ्यावी?

डिमेन्शियावरच्या बहुतेक सूचना फ्लॅटमधल्या कुटुंबांसाठी लिहिलेल्या असतात. भोकरदन किंवा मंठ्याच्या वस्तीवर धोके वेगळे आहेत.

• फवारणीचे औषध : कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात कीटकनाशकालाही ‘औषध’च म्हणतात. ‘माझे औषध कुठे आहे’ म्हणत शोधणाऱ्या रुग्णाच्या हाती तो डबा लागू शकतो. तो घरात ठेवूच नये. ठेवावा लागला तर कुलपात.

• विहीर आणि शेततळे : बिनकठड्याच्या विहिरीला जाळी किंवा कुंपण करावे. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पाय घसरला तर धडधाकट माणसालाही वर येता येत नाही.

• बाहेर निघून जाणे : सदऱ्याच्या किंवा झंपरच्या आतल्या बाजूला घरच्या फोनचा नंबर शिवून टाकावा. अलीकडचा फोटो मोबाइलमध्ये असावा. किराणा दुकानदार, पिठाची गिरणी, रिक्षावाले, बसस्टँडवरचा चहावाला यांना आधीच सांगून ठेवावे. माणूस दिसेनासा झाला तर वाट न पाहता ११२ वर कळवावे. शोध जुन्या ठिकाणांपासून सुरू करावा: आधीचे घर, विकलेले शेत, माहेरची वाट.

• संध्याकाळ : दिवेलागणीला अनेक रुग्णांची घालमेल वाढते. त्या वेळी घरात उजेड भरपूर असावा, टीव्हीचा आवाज कमी असावा. वीज जाणार असेल तर चार्जिंगचा दिवा हाताशी ठेवावा. अंधारातल्या सावल्यांनी भास वाढतात.

• बोलणे : ‘आत्ताच तर सांगितले’ हे वाक्य टाळावे. वारलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या आजीला तो गेल्याचे रोज नव्याने सांगितले, तर तिला रोज नवा धक्का बसतो. ‘ते कसे होते, सांगा ना’ म्हणून विषय वळवावा. वाद जिंकण्यात काही मिळत नाही.

• काम : जमेल ते काम हातून काढून घेऊ नये. शेंगा सोलणे, वाती वळणे, डाळ निवडणे यात हात गुंततात आणि मनही शांत राहते.

कोयता निघून गेल्यावर काय?

अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी जोडपी बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असल्याने नवरा-बायको दोघांना जावेच लागते, कारण कोयता दोघांचा मिळून धरला जातो. गावात मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली नातवंडे. त्या म्हातारीलाच स्मृतिभ्रंश असेल, तर दहा-बारा वर्षांची नात घरातली कर्ती होते. चूल, शाळा, आजीला शोधून आणणे सगळे तिच्यावर येते. कोणत्याही आकडेवारीत ती ‘काळजीवाहक’ म्हणून मोजली जात नाही. वाड्यावर आजीला सोबत न्यावे, तर अनोळखी जागेत तिची घालमेल दुपटीने वाढते. या कुटुंबांसाठी प्रश्न सेवाभावाचा उरतच नाही. थांबले तर उचल फिटत नाही आणि गेले तर म्हातारी एकटी पडते.

जमीन, बँक आणि कागदपत्रे : उशीर का करू नये?

करार कायद्यानुसार करार करताना माणूस तो समजून घेण्याच्या मनःस्थितीत असावा लागतो. स्मृतिभ्रंश वाढल्यानंतर झालेले खरेदीखत किंवा बक्षीसपत्र पुढे न्यायालयात आव्हानात सापडू शकते. अनेकांना ठाऊक नसते, पण मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन सक्षम राहिले नाही, की साधे मुखत्यारपत्रही संपते. म्हणजे ‘आईने मला पॉवर ऑफ अॅटर्नी दिली आहे’ यावर शेवटपर्यंत विसंबता येत नाही. आजार खूप वाढल्यावर मालमत्तेचे व्यवहार बघायला पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागते.

म्हणून निदान सुरुवातीच्या टप्प्यात असतानाच, रुग्णाची स्वतःची इच्छा विचारून, मृत्युपत्र आणि बँक खात्यातले संयुक्त नाव मार्गी लावावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचारांचे निर्णय घेण्यासाठी प्रतिनिधी नेमता येतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा दिला तरी तो चालतो. आणि मुलांनी जमीन लिहून घेऊन आईवडिलांना वाऱ्यावर सोडले, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात दाद मागता येते. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता परत मिळवण्याची तरतूदही त्यात आहे.

सरकारी मदत कोणती आहे?

• आयुष्मान वय वंदना कार्ड : ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण.

• श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना : ६५ वर्षांपुढील गरजूंना महिना दीड हजार रुपये. अर्ज तहसील कार्यालयात.

• मुख्यमंत्री वयोश्री योजना : कमी उत्पन्नाच्या ६५ वर्षांपुढील ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये.

• दिव्यांग प्रमाणपत्र : मानसिक आजारामुळे आलेले अपंगत्व मोजण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘आयडियाज’ या मोजपट्टीत स्मृतिभ्रंशाचाही समावेश आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा त्याहून जास्त ठरले, तर प्रमाणपत्रावरचे लाभ मागता येतात.

• फोनवर मदत : टेली-मानस १४४१६ (मानसिक आरोग्य, मराठीत, चोवीस तास) आणि एल्डरलाइन १४५६७ (ज्येष्ठांच्या अडचणी). हे नंबर सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठीही आहेत. ‘मला आता सहन होत नाही’ एवढे सांगण्यासाठीही फोन करता येतो.

यादी लांब दिसते. पण वय वंदना कार्डाचा उपयोग रुग्णालयात दाखल झाल्यावर होतो. वयोश्रीतून वस्तू येते. श्रावणबाळचे पैसे रुग्णाला मिळतात आणि डायपर, गोळ्या, दवाखान्याच्या फेऱ्या यातच संपतात. रात्री तीनदा उठणाऱ्या, त्यासाठी शेतातली रोजंदारी सोडलेल्या बाईच्या तासांचा या यादीत कुठेच हिशेब नाही.

जालन्याला काय करता येईल?

राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. महाविकास आघाडी सरकारच्या काळात पाचवे, ३६५ खाटांचे मनोरुग्णालय जालन्यात उभारायला मान्यता मिळाली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला २०२४ मध्ये शंभर जागांची परवानगी मिळाली. मराठवाड्यासाठी दोन्ही गोष्टी मोठ्या आहेत. पण स्मृतिभ्रंशाच्या बहुतेक रुग्णांना मनोरुग्णालयातली खाट नको असते. त्यांना ओळखीचे घर हवे असते आणि त्या घराला आधार. तो आधार उभा करायला लागणारे बरेचसे सामान जिल्ह्यात आधीच आहे.

पहिली सुरुवात आशाताईंच्या फॉर्मपासून होऊ शकते. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी आशा जो ‘सी-बॅक’ फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न छापलेलाच आहे: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? म्हणजे प्रश्न गावोगावी पोहोचला आहे. उत्तर ‘हो’ आल्यानंतर पुढे काय, ही पायरी पक्की करायची आहे. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातला एक ठरलेला दिवस स्मृती तपासणीचा ठेवावा. त्या दिवशी रक्ततपासणी, डॉक्टर आणि महिनाभराच्या गोळ्या एकाच ठिकाणी मिळाव्यात. जाफराबादच्या रुग्णाला त्यासाठी छत्रपती संभाजीनगर गाठावे लागू नये.

दुसरे, वैद्यकीय विद्यार्थी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या अभ्यासक्रमात प्रत्येक एमबीबीएस विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांचा पाठपुरावा करायचा आहे. जालन्याच्या महाविद्यालयाने त्यात स्मृतिभ्रंशाची घरे आवर्जून घेतली, तर त्या घरांना नियमित विचारपूस मिळेल आणि विद्यार्थ्यांना पुस्तकाबाहेरचा आजार दिसेल.

तिसरे, विसाव्याचे तास. गावातले समाजमंदिर किंवा ग्रामपंचायतीची खोली आठवड्यातले दोन दिवस, दुपारचे चार तास ज्येष्ठांसाठी उघडी ठेवता येईल. बचत गटातल्या दोन महिलांना प्रशिक्षण आणि मानधन द्यावे. ऊसतोडीच्या सहा महिन्यांत हेच केंद्र रोज चालवावे. लेकरांसाठी अंगणवाडी चालते, तर म्हाताऱ्यांसाठी अशी सोय करणे अशक्य नाही.

चौथे, सांभाळणाऱ्याच्या हाती थेट पैसा. केरळमध्ये ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पूर्णवेळ सांभाळणाऱ्याला दरमहा ६०० रुपये देण्याची तरतूद आहे. स्मृतिभ्रंशासाठी स्वतंत्र राज्य उपक्रमही केरळने २०१४ मध्ये सुरू केला. जर्मनीने १९९५ पासून आणि जपानने २००० पासून दीर्घकालीन काळजीचा विमाच आणला. सहाशे रुपये फार नाहीत. पण सरकारने त्या कामाला काम म्हटले, हे मोठे आहे. महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेतून बायकांच्या खात्यात थेट पैसे पाठवण्याची यंत्रणा उभी आहे. त्याच वाटेने सांभाळणाऱ्या व्यक्तीचा भत्ता देता येईल.

‘अस्तु’ या सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांच्या मराठी चित्रपटात मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे प्राध्यापक उभे केले आणि शहरी प्रेक्षकाला हा आजार ओळखीचा झाला. बदनापूर किंवा घनसावंगीतल्या वस्तीवर ना प्राध्यापक असतो, ना सोबतीला पगारी मावशी. तिथे सहसा एकच बाई असते. तिला दुपारचे चार तास मोकळे मिळाले, महिन्यातून एकदा डॉक्टर जवळ भेटला आणि भावकीने तिच्यावर विश्वास ठेवला, तर घरातला म्हातारा जीव शेवटपर्यंत स्वतःच्या अंगणात राहू शकतो. यातली शेवटची गोष्ट करायला शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.